चौथी सीट

लोकलच्या सेकंड क्लासचं बाकडं तीन माणसांचं. रेल्वेने ते तसंच बनवलंय. चौथी सीट काढली ती आपण. "जरा सरकून घ्या" म्हटलं की खिडकीतली बाई अर्धा इंच हलते, मधली इंचभर, तिसरी पर्स मांडीवर ओढून घेते आणि कडेला जे काही उरतं ते चौथीचं. एका मांडीपुरतं. दुसरी मांडी वाटेत, सगळा भार एका पायाच्या चवड्यावर, आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईचा डबा बरोबर कानाशी. डोंबिवली ते ठाणे अशी गेले की ऑफिसात मी "आज बसून आले" असं सांगते. खोटं नाही ते.

मला तर वाटतं, डोंबिवली हीच मुंबईची चौथी सीट आहे. आमच्या घरचंच घ्या. माझे सासरे चार भावांतले धाकटे. गिरगावात चाळीतली एक खोली. तीन भावांची लग्नं त्या खोलीत मावली. चौथ्याचं ठरलं तेव्हा पडदा बांधायलाही भिंत उरली नव्हती. मग हे जोडपं इकडे आलं, व्हीटीपासून ४८ किलोमीटरवर. तेव्हा म्हणे रात्री बेडूक ओरडायचे आणि गिरगावचे पाहुणे चपला काढतानाच परतीच्या गाडीची वेळ विचारायचे. सासूबाईंना त्याचा अजून राग आहे.

अशी एकेका खोलीतून चौथी माणसं येत गेली. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत साडेबारा लाखांच्या आसपास माणसं मोजली. त्यानंतरची मोजणी आम्ही रोज प्लॅटफॉर्मवर उभं राहून करतो. महापालिका १९८३ ची. आजूबाजूची २७ गावं तिच्यात घेतली, २००२ मध्ये बाहेर काढली, २०१५ मध्ये पुन्हा आत घेतली. म्हणजे तीही बिचारी चौथ्या सीटवरच. बाकी तक्रारींची यादी काढत बसत नाही. २०२० मध्ये एमआयडीसीतला एक रस्ता रसायनांनी चक्क गुलाबी झाला होता, एवढं सांगितलं तरी पुरे.

गाडीतल्या गर्दीला मात्र कायदा आहे, आणि तो कुठेही लिहिलेला नाही. चढल्यावर पहिला शब्द "कुठे?" नाव-गाव-ओळख काही नाही, फक्त "कुठे?" समोरून "घाटकोपर" आलं की "मग मला द्या हं". झाला करार. पुढे कुर्ल्याची कितीही दमलेली बाई आली तरी तिला "दिलीय" एवढंच सांगायचं. एरवी इमारतीच्या पार्किंगवरून वर्षानुवर्षं भांडणारी आम्ही माणसं हा करार मोडत नाही. पूर्वी फास्ट गाडी पारसिकच्या बोगद्यातून जायची. पोरं ओरडायची, आणि तेवढ्या अंधारात मी उभ्या उभ्या डोळे मिटून घ्यायचे. २०२२ मध्ये ठाणे-दिवा नवे रूळ सुरू झाले आणि फास्ट लोकल मुंब्र्यावरून जायला लागल्या. सोय झाली असेल, पण तो अंधार मला आवडायचा.

बाहेरच्यांना वाटतं, एवढं चेंगरून आलेली माणसं सुट्टीला दारं लावून पडत असतील. त्यांनी नरकचतुर्दशीच्या सकाळी फडके रोडला यावं. अभ्यंगस्नान, फराळ उरकून अख्खं गाव तिथे. पैठण्या, झब्बे, ढोल, आणि मुंगीला शिरायला वाव नाही. गणपतीच्या देवळापर्यंत पोचायचं तर दादर स्टेशनवरचं सगळं कौशल्य पणाला लागतं. गुढीपाडव्याची शोभायात्राही याच गणेश मंदिराने १९९९ मध्ये पहिल्यांदा काढली. मग ती गावोगाव गेली. २०१७ ला साहित्य संमेलन भरलं तेव्हाही तेच. ज्या गर्दीच्या नावाने वर्षभर बोटं मोडतो, तिच्यात सणाला इस्त्रीचे कपडे घालून, अत्तर लावून उभे राहतो. नवरा म्हणतो, "सवय जाऊ नये म्हणून."

मी स्वतःला समंजस प्रवासी समजते. इतकी वर्षं चौथ्या सीटवर काढल्यावर समजायला हरकत नव्हती. परवा डोंबिवलीहून सुटणारी स्लो पकडली आणि चक्क खिडकी मिळाली. वाऱ्याची बाजू. मांडी घालता आली असती इतकी ऐसपैस बसले. कोपरला तिसरी भरली. दिव्याला नेहमीसारखी झुंबड आली, आणि तिच्यातून एक मुलगी आत फेकली गेल्यासारखी आमच्या बाकड्याशी येऊन थांबली. ओढणी खांद्यावरून पाठीमागे कुठेतरी अडकलेली, एका हातात चप्पल.

"जरा सरकून घ्या ना."

मी खाडी बघायला लागले. खाडी यायला अजून अवकाश होता.

"काकी, सरका ना जरा."

काकी! मधल्या बाईने माझ्याकडे पाहिलं, तिसरीने पर्स मांडीवर घेतली.

सरकले. अर्धा इंच.