निगडीची वेलांटी

पाचवीतला तो मुलगा 'निगडी' हा शब्द 'नगिडी' असा लिहीत असे आणि शाळेच्या वहीत त्यावर 'लक्ष नाही' असा शेरा मिळत असे. वस्तुतः त्याचे लक्ष पुरेपूर होते. कानाला आधी 'न्' आणि मग 'इ' ऐकू येतो. त्याच क्रमाने तो 'न' लिहून मग वेलांटी काढी आणि ती पुढच्या 'ग'ला जाऊन चिकटे. पहिली वेलांटी उच्चारात नंतर येते, पण कागदावर अक्षराच्या आधी उभी राहते, ही देवनागरीची खोड आपल्याला सवयीने जाणवत नाही. डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचण्या-लिहिण्यात येणारी अडचण, असलेल्या मुलाला मात्र ती पदोपदी अडवते.

आम्ही पुण्यात ज्या बहुसंवेदी पद्धतीने शिकवतो, तिची मूळ मांडणी मेंदूविकारतज्ज्ञ सॅम्युअल ऑर्टन आणि शिक्षणतज्ज्ञ ॲना गिलिंगहॅम यांनी १९३०च्या दशकात अमेरिकेत, इंग्रजीसाठी केली. डोळे, कान, जीभ आणि हात यांनी एकाच वेळी काम करावे, हे तिचे सूत्र. मराठीत ती जशीच्या तशी उचलून भागत नाही, कारण इंग्रजीत एकाच अक्षराचे अनेक उच्चार छळतात, तर आपल्याकडे चिन्ह नेमके कोठे बसवायचे हा प्रश्न मोठा असतो.

या मुलाला पीएमपीएमएलच्या बसचे विलक्षण वेड. मार्गांचे क्रमांक तोंडपाठ, पाट्या वाचताना मात्र अडखळणे. म्हणून त्या दिवशी पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून रेतीच्या ट्रेमध्ये पाट्यांवरचीच नावे घेतली. "आधी 'न' काढ. आता 'इ' म्हण आणि म्हणता म्हणता बोट मागे ने," असे मी सांगितले. त्याचे बोट 'न'च्या डोक्यावरून डावीकडे गेले, खाली उतरले आणि ते थांबेपर्यंत तोंडातला 'इऽऽ' लांबत राहिला. "ताई, म्हणजे ही मागून येऊन पुढे बसते!" तो जवळजवळ ओरडलाच.

रेतीत जादू नसते, हे येथे सांगितले पाहिजे. गप्प बसून गिरवणे हा निव्वळ खेळ होतो. उच्चार आणि हालचाल एकत्र आली तरच उपयोग.

मग 'पर्वती'. 'प'नंतर लगेच 'र्' ऐकू येतो, म्हणून तो 'प'वरच रफार देऊन 'र्पवती' करी. या वेळी अक्षरांचे ठोकळे घेतले. 'र्' म्हणताना रफाराचा ठोकळा मुठीत धरायचा आणि 'व' मांडल्याशिवाय सोडायचा नाही, एवढाच नियम. 'कर्वेनगर' त्याने आपणहून लावले. 'स्वारगेट'चा हट्ट मात्र मी पुरवला नाही. रफाराखेरीज इतर जोडाक्षरांची पाळी अजून आली नव्हती.

त्याच्या आईंना दहावीच्या सवलतींची चिंता होती. डिस्लेक्सिया ज्यात मोडतो त्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात आहे आणि प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत जादा वेळ मिळू शकतो, हे मी त्यांना समजावले. सोबत वर्गशिक्षिकांसाठी चिठ्ठी दिली: चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला देऊ नये, मोठ्याने म्हणत एकदाच लिहू द्यावा.