पाणी तेवढंच, तरी जास्त!

आज वर्गात बालमानसशास्त्रज्ञ पियाजेचा तो जुना प्रयोग करून बघितला. दोन सारखे पेले, सारखंच पाणी. एकातलं उंच, निमुळत्या पेल्यात ओतलं. साडेचार वर्षांची पोरगी ठामपणे म्हणाली, "यात जास्त!" परत मूळ पेल्यात ओतलं, तर "आता सारखं." पुन्हा उंच पेल्यात, पुन्हा "जास्त!" चेहऱ्यावर शंकेचा मागमूस नाही.

पियाजेने सांगितलेली २ ते ७ वर्षांची पूर्वक्रियात्मक अवस्था, म्हणजे मूल तर्कापेक्षा दिसण्यावरून ठरवतं तो टप्पा, परीक्षेसाठी घोकली होती. समोर बघताना हसू आवरेना. (पियाजेने मुलांना जरा कमीच लेखलं, असं नंतरचे संशोधक म्हणतात. मलाही पटतं.)

तेवढ्यात सहा वर्षांचा एक दादा म्हणाला, "अगं, तेच पाणी आहे ना, फक्त पेला उंच!" मला मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्की आठवला: मूल जास्त जाणणाऱ्याच्या मदतीने शिकतं, असं म्हणणारा. पोरीने दादाकडे बघितलं, पेल्याकडे बघितलं आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.