बेससाठी फझ निवडताना खर्ज जपावा लागतो

बेस गिटारसाठी फझ पेडल, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका आणि घरघरीत करणारी पायाने चालवायची पेटी, घ्यायचे ठरले, तेव्हा गिटारवाल्यांच्या पायाखाली जे चांगले वाजते ते माझ्याही पायाखाली चांगलेच वाजेल असे मी गृहीत धरले होते. पहिले पेडल मी त्याच भरवशावर घेतले. घरच्या छोट्या ॲम्पवर एकट्याने वाजवताना ते सुरेख वाटत होते. त्याच शनिवारी कोथरूडमधल्या एका तळघरातल्या जॅम रूममध्ये ड्रम आणि दोन गिटारी सुरू असताना मी पायाने खटका दाबला, आणि बेसचा पत्ताच लागेना. बोटे चालत होती, ॲम्पचा दिवा लागलेला होता, पण कानावर येत होती ती केवळ वरची चरचर. ड्रमरने हात थांबवून विचारले, "अरे, तुझी केबल निघाली का?" केबल जागेवर होती. खालचा सूर मात्र गेला होता.

असे का होते हे समजून घेतल्याशिवाय दुसरे पेडल घ्यायचे नाही, असे मी त्या दिवशी ठरवले. गिटारची सर्वांत खालची तार साधारण 82 हर्ट्झला वाजते आणि बेसची 41 हर्ट्झला. पाच तारांचा बेस असेल तर खालचा बी हा सूर 31 हर्ट्झच्याही किंचित खाली जातो. गिटारसाठी बांधलेल्या सर्किटमध्ये 80 हर्ट्झच्या खाली फारसे काही येणारच नाही असे धरून कपॅसिटर निवडलेले असतात, आणि छोटा कपॅसिटर खालच्या कंपनांना बाहेरच थोपवतो. शिवाय फझ म्हणजे लाटेचा माथा आणि तळ छाटून तिला जवळजवळ चौकोनी करणे. या छाटणीत मूळ सुराच्या दुपटीची, तिपटीची, चौपटीची कंपने इतकी वर येतात की मूळ सूर त्यांच्या गर्दीत मागे पडतो. बोटाने तार छेडल्याबरोबर येणारा ठोकाही सपाट होतो, आणि बेस व किक ड्रम यांची जोडी ज्या ठोक्यावर उभी असते तोच हातून निसटतो.

वरच्या कंपनांची ही गर्दी मुळात वाईट नाही, आणि मला फझ हवा आहे तो तिच्यासाठीच. तंबोऱ्याजवळ बसलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवत सरकवत एका जागी जवारी लागते, आणि तोवर मुकी वाटणारी खर्जाची तार एकाएकी उजळून निघते. कान वरच्या स्वरांच्या आधारे खालचा सूर मनात उभा करतो. मूळ कंपन क्षीण असले तरी त्याच्या पटीतली कंपने नीट ऐकू आली, तर सूर खालचाच असल्याची कानाची खात्री पटते. फोनच्या इवल्याशा स्पीकरवर साधा बेस ऐकूच येत नाही आणि फझ लावलेला बेस ओळखू येतो, त्याचे कारण हेच आहे. मात्र भरलेल्या खोलीत कानाची समजूत पुरत नाही. तिथे छातीला जाणवणारा खर्ज प्रत्यक्षात असावा लागतो. म्हणून बेससाठी पेडल पाहताना मी आता आधी एवढेच ऐकतो की, खटका दाबल्यानंतर खालचा सूर किती उरला आहे.

फझचा जन्मच बेसवर झाला, ही गोष्ट मला नेहमी समाधान देते. अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये गायक मार्टी रॉबिन्स यांचे एक गाणे ध्वनिमुद्रित होत असताना ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बेस वाजवत होते. मिक्सिंग कन्सोलच्या एका चॅनलमध्ये बिघाड झाला आणि बेसचा आवाज फाटून घरघरीत झाला. तो तसाच ठेवला गेला आणि 1961 मध्ये गाणे त्या आवाजासह बाहेर पडले. त्या मुद्रणावरचे अभियंते ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तोच आवाज ट्रान्झिस्टरच्या सर्किटमधून काढला, आणि 1962 मध्ये गिब्सनने तो माएस्ट्रो फझ-टोन या नावाने पेटीत बसवून बाजारात आणला. बीटल्सच्या 1965 च्या 'रबर सोल' या अल्बममधले जॉर्ज हॅरिसन यांचे 'थिंक फॉर युअरसेल्फ' हे गाणे बेस वाजवणाऱ्याने हेडफोन लावून ऐकावे, कारण त्यात पॉल मॅकार्टनी यांचे दोन बेस आहेत: एक स्वच्छ आणि एक फझचा. स्वच्छ बेस खालची जमीन धरून ठेवतो, म्हणून फझच्या बेसला मोकळेपणी गाता येते. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला या गाण्यात सापडले.

स्वच्छ सिग्नल आणि फझ यांचे मिश्रण करण्याची सोय, म्हणजेच ब्लेंड, ही माझ्या दृष्टीने पहिली अट ठरली. काही पेडलांवर त्यासाठी वेगळा नॉब असतो. ज्या पेडलवर तो नाही, त्याच्यासोबत बॉसच्या एलएस-2 सारखे पेडल वापरता येते. त्यात सिग्नलच्या दोन वाटा करता येतात, एका वाटेवर फझ ठेवून दुसरी मोकळी सोडता येते आणि शेवटी दोन्ही हव्या त्या प्रमाणात एकत्र करता येतात. पण इथे एक खाचखळगा आहे आणि तो दुकानदार सहसा सांगत नाही. ट्रान्झिस्टरचा नेहमीचा प्रवर्धक टप्पा सिग्नल मोठा करताना उलटाही करतो. असे टप्पे सम संख्येने असतील तर सिग्नल शेवटी सुलट बाहेर पडतो, विषम असतील तर उलटा. उलटा झालेला फझ स्वच्छ सिग्नलमध्ये मिसळला की दोघांमधला खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो, आणि ब्लेंड असूनही आवाज आधीपेक्षा पातळ होतो. याची परीक्षा सोपी आहे: खालचा ई मोकळा छेडावा, नॉब स्वच्छ टोकापासून हळूहळू मध्यावर आणावा, आणि मध्यावर पोट गेल्यासारखे वाटले तर ते पेडल परत ठेवावे किंवा फेज उलटवण्याचा खटका असलेला ब्लेंडर शोधावा.

मी अखेर ज्या घराण्याकडे वळलो ते बिग मफचे. इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीच्या या सर्किटमध्ये असे उलटवणारे चार टप्पे आहेत, त्यामुळे मिश्रणाच्या वेळी ते सुलट वागते. त्याची खोड अशी की 1000 हर्ट्झच्या आसपास त्याच्या आवाजात खड्डा असतो. एकट्याने वाजवताना हा खड्डा भारदस्त वाटतो, बँडमध्ये मात्र गिटारी नेमक्या त्याच जागी बसलेल्या असतात आणि बेस त्यांच्यामागे दडतो. 1990 च्या दशकात सोव्हटेक या नावाखाली रशियात बनलेले हिरवे मफ बेसवाल्यांना प्रिय झाले ते त्याच्या भरघोस खालच्या आवाजामुळे. 2017 मध्ये कंपनीने ते लहान पेटीत पुन्हा काढले. बेससाठीच बनवलेल्या बिग मफवर स्वच्छ सिग्नल मिसळण्याचा खटका आहे आणि ज्याला एकाच पेटीत काम हवे आहे त्याने तेच घ्यावे. मी छोटे हिरवे मफ आणि एलएस-2 अशी जोडी घेतली, कारण मला मिश्रणाचे प्रमाण गाण्यागणिक बदलायचे असते.

फझ फेस या जुन्या पेडलच्या वळणाची दोन ट्रान्झिस्टरची पेडले मला मनापासून आवडतात. बेसचा व्हॉल्यूम थोडा खाली घेतला की ती इतकी सुंदर निवळतात की बोटांना नवे बळ येते. पण त्यांना तारांची कंपने टिपणाऱ्या पिकअपशी थेट बोलायला आवडते. मध्ये बफर (सिग्नलला जोर देणारे सर्किट) आला किंवा बेस ॲक्टिव्ह (आत बॅटरीवरचे सर्किट असलेला) असला की त्यांचा स्वभाव बिघडतो आणि आवाज टोचू लागतो. शिवाय त्यांतले जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर उष्णतेने सरकतात. मे महिन्यात पुण्यात उघड्यावरच्या मंचावर दुपारी चारला साउंडचेक केला आणि रात्री नऊला वाजवले, तर एकाच पेडलचे दोन स्वभाव ऐकू येऊ शकतात. अशा जुन्या धर्तीच्या अनेक पेडलांत वीजपुरवठ्याचे धन टोक जमिनीला जोडलेले असते, म्हणून ती इतर पेडलांसोबत एकाच अडॅप्टरच्या माळेत घालू नयेत. त्यांना बॅटरी तरी द्यावी, नाहीतर स्वतंत्र, अलग केलेली वाट तरी द्यावी.

विजेचा विषय निघालाच आहे, तर गुणगुणीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्याकडे तिचा बेसशी खास संबंध आहे. आपली घरगुती वीज 50 हर्ट्झची. बेसच्या खालच्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी 49 हर्ट्झला वाजतो, आणि मोकळी जीची तार 98 हर्ट्झला, म्हणजे विजेच्या दुपटीच्या अगदी शेजारी. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचा, पिकअप असलेल्या बेसवर फझचा सस्टेन (सूर लांबवण्याचा नॉब) वाढवून जी पट्टीतले गाणे वाजवून पाहा: सूर लांबवला की त्यात संथ लाटा ऐकू येतात, मोकळ्या जीवर सेकंदाला साधारण दोन. मी सुरुवातीला ट्यूनिंग चुकले समजून खुंट्या पिळत बसत असे. जॅझ बेसचे दोन्ही पिकअप सारख्या व्हॉल्यूमवर ठेवले की बहुतेक बेसांवर ही गुणगुण जवळजवळ मिटते, कारण त्यांतला एक उलटा गुंडाळलेला असतो. म्हणून पेडल तपासायला जाताना स्वतःचा बेस न्यावा, आणि काहीही न वाजवता, तारांवर हात ठेवून, अर्धा मिनिट नुसते ऐकावे.

दुकानात माझा क्रम आता ठरलेला आहे. सस्टेन किंवा फझचा नॉब आधी पाव फिरवायचा, पूर्ण नाही. बेसला इतकेच बहुधा पुरते. नंतर पेडल चालू आणि बंद असताना खालच्या सुराचा आवाज सारखा होईल अशी पातळी लावायची, कारण जे मोठे वाजते ते कानाला चांगलेच वाटते आणि निवड तिथेच चुकते. मग दोन तारा एकत्र: मूळ स्वर आणि पाचवा स्वर फझमधून अखंड येतात, तिसरा घेतला की दोघांच्या फरकांची कंपने मध्ये घुसतात आणि चिखल होतो. हा दोष पेडलचा नाही, म्हणून त्यावरून कोणतेही पेडल नाकारू नये. शेवटी बेसचा टोन नॉब पूर्ण बंद करून बाराव्या फ्रेटच्या पुढे वाजवावे; चांगल्या पेडलमधून तिथे सिंथसारखा गोल, गाणारा आवाज निघतो.

हे सगळे जमले तरी मंचावर एक गोष्ट उरते. कार्यक्रमात बेस बहुतेक वेळा डीआय नावाच्या छोट्या पेटीतून, ॲम्पच्या स्पीकरला वगळून, थेट मिक्सरला जातो, आणि कॅबिनेटच्या स्पीकरने गाळला न गेलेला फझ मोठ्या स्पीकरांतून कागद फाडल्यासारखा येतो. कॅबिनेटला हॉर्न (वरच्या कंपनांचा वेगळा स्पीकर) असेल तर तोही याच कारणासाठी मी खाली घेतो. साउंड इंजिनियरला मी आता आधीच सांगतो की, मला दोन लाइन हव्यात: स्वच्छ बेस डीआयमधून, आणि फझ ॲम्पसमोर ठेवलेल्या माइकमधून. डीआयच्या फेडरवर खर्ज, माइकच्या फेडरवर फझ. दोन चॅनल खर्ची घालायला कुरकुर होते, मग मी त्याला 'थिंक फॉर युअरसेल्फ' फोनवर लावून दाखवतो, आणि बहुतेक वेळा दुसरी केबल मिळते.