माती होईपर्यंतचे तास

घरात कुणी वारलं की "माती किती वाजता?", म्हणजे अंत्यविधी कधी, असे फोन सुरू होतात तेव्हा लेक पुण्याहून अजून निघालेलीही नसते. खेड्यात सगळं भावकीलाच करावं लागतं, म्हणून घरातल्या एकाला तरी पुढचं ठाऊक असावं.

पहिल्या तासातच डोळे मिटवा, हनुवटीखालून डोक्यापर्यंत मऊ पट्टी बांधा, हातपाय सरळ करा. दोन-चार तासांत अंग ताठायला लागतं, उन्हाळ्यात त्याहून लवकर. मग तोंड मिटत नाही आणि ओढाताण बघवत नाही. नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत; तोवर पंखा बंद ठेवून मिटलेल्या पापण्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवा, म्हणजे बुबुळ सुकत नाही.

मयत रात्रभर ठेवायची असेल तर तालुक्याहून शवपेटी मागवा. ती आधी रिकामी चालवून गार करा. लाईटचा भरवसा नसतो, जनरेटर सांगूनच ठेवा. दर्शन काचेतूनच घ्यायला लावा. प्रत्येक सोयऱ्यासाठी झाकण उघडलं की गारवा निघून जातो. हे सांगायला जड जातं, पण सांगावंच. पेटी नाहीच मिळाली तर बर्फाची लादी फोडून पिशव्यांत भरा आणि पोटावर, दोन्ही कुशींना लावा. आधी पोटच फुगतं.

सरणाला तीन-चार क्विंटल वाळलेलं लाकूड लागतं. जाड ओंडके खाली, मधे हवेला जागा. पावसाळ्यात लाकूड ओलं निघतं, मग लोक डिझेल ओततात. वरचं भडकतं आणि छाती-कमरेचा भाग तसाच राहतो. त्यापेक्षा कोरड्या गोवऱ्या आणि कडबा जास्त घ्या. छातीत पेसमेकर असेल तर डॉक्टरांकडून आधी काढून घ्या, आगीत तो फुटतो. लिंगायत घरात दफन असतं. तिथं खड्ड्याला माणसं सकाळीच लावा, मुरूम लागला की वेळ जातो.

कागदाचं कुणालाच सुचत नाही. मृत्यू घरी झाला असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून कारणाचं प्रमाणपत्र घ्या आणि २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करा. तीस दिवस उलटले की स्वतःच्या सहीचा (स्वयंसाक्षांकित) कागद आणि वरची परवानगी लागते. माणूस अंबाजोगाईच्या दवाखान्यात वारला असेल तर नोंद तिथलीच, गावची नव्हे. नाव आधारवर आहे तसंच, अक्षर न अक्षर लिहून घ्या. एका वेलांटीपायी सातबाऱ्यावरची वारसनोंद महिनोन्‌महिने अडते.