पावसाळ्याचा गिअर

दुपारी जेवण झाल्यावर गाडी पुसत बसलो होतो. पुसायची तशी काही गरज नव्हती, पण लाइट गेलेली आणि लिंबाखाली गाडीची दोन्ही दारं उघडून बसलं की जरा वारं लागतं. फडकं फिरवता फिरवता ध्यानात आलं की मोठ्या गिअरच्या मुठीवरचे आकडे पार गेलेत, पहिला कुठं नि चौथा कुठं काही दिसत नाही, हाताच्या घामानं नुसता काळा गुळगुळीत गोळा झालाय. आणि त्याच्या शेजारचा बारका गिअर, त्याच्यावरचं 2एच, 4एच, 4एल (म्हणजे दोन चाकांना जोर, चारी चाकांना जोर, आणि चारी चाकांना हळू पण जादा जोर; ह्यालाच फोर बाय फोर म्हणतात) अजून पांढरंशुभ्र, पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेल्या कपबशांसारखं कोरं. म्हणजे ज्याच्यासाठी त्या वेळी जास्तीचे पैसे मोजले, ते वापरलंच नाही म्हणायचं जवळजवळ.

गाडी 2011 ची. यंदा 15 वर्षं भरायलीत, म्हणजे आरसी संपायली. ठेवायची म्हटलं तर आरटीओत नेऊन फिटनेस दाखवा, ग्रीन टॅक्स भरा, नूतनीकरणाची फी 2022 पासून 600 ची 5000 झालीय ती भरा, मग पुढची 5 वर्षं कोणी विचारत नाही. ती एचएसआरपी नंबर प्लेट तेवढी लावून झालीय, तिची शेवटची तारीख इतक्यांदा पुढं गेली की शेवटी मीच कंटाळून लावून आलो.

घरात मतं ठरलेली आहेत. बायको म्हणते, "अहो, द्या ना एकदाची काढून, अंगण तरी दिसंल." आई म्हणते, "असू दे की, खायाला मागती का?" (मागती. डिझेल मागती, आणि ऑइल तर विचारूच नका.) पोराला सनरूफ पाहिजे. एप्रिलात बेचाळीस डिग्रीत डोक्यावर काच कशाला पाहिजे हे त्यानं मला अजून समजावून सांगितलेलं नाही. आणि माझं मत म्हणाल तर ते महिन्यानुसार बदलतं. मे महिन्यात मला ही गाडी म्हणजे शुद्ध येडेपणा वाटतो आणि जून लागून दोन सरी पडल्या की जगात हिच्यासारखी गाडी नाही.

हे खूळ मामामुळं लागलं. मामा साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात ड्रायव्हर होता. दिवाळीच्या सुट्टीत गेलो की तो मला जीपमधी घ्यायचा, मागं शेतकीचे साहेब आणि नोंदीची रजिस्टरं, पुढं मामा, नि मी मधे, गिअरबॉक्सच्या उंचवट्यावर पोत्याची घडी टाकून. खालून पत्रा असा तापायचा की पोत्यातून चटका यायचा. दोन पायांच्या मधे तीन दांड्या, एक लांब, दोन बारक्या. मामा दुसरा टाकताना नुसतं "पाय" म्हणायचा आणि मी पाय आखडून घ्यायचो. ताडपत्रीचा वास, डिझेलचा वास, साहेबाच्या पानाचा वास. ही जीप मुळात 1941 मधी अमेरिकेनं लढाईसाठी काढलेली, 1947 पासून महिंद्रा कंपनी ती मुंबईत जोडायला लागली, आणि चाळीसएक वर्षांनी आमच्याकडं तिच्या अंगावर काम काय, तर कोणाच्या रानात किती एकर आडसाली (पावसाळ्यात लावलेला ऊस) आणि किती खोडवा (तोडलेल्या उसाचा परत फुटलेला) याची यादी करत हिंडायचं. रणगाड्यामागं पळणारी गाडी बांधाबांधानं उसाकडं बघत जायची.

त्या दोन बारक्या दांड्यांना मामा कधी हात लावायचा नाही. एकदा विचारलं, ह्या कशाला हायेत? तर म्हणाला, "ते पावसाळ्याचे गिअर हायेत." बास. साहेब मागं हसले. मला किती तरी वर्षं खरंच वाटायचं की गाडीला उन्हाळ्याचे वेगळे आणि पावसाळ्याचे वेगळे गिअर असतात, आणि आता नीट बघितलं तर त्यानं खोटं काय सांगितलं?

काळ्या रानातला चिखल ज्याला माहीत नाही त्याला फोर बाय फोर काय हे सांगून उपयोग नाही. वाळूतली, डोंगरातली, यूट्यूबवरची ती वेगळी. आमची माती पाणी पिऊन फुगती आणि एकदा चाकाला धरली की सोडत नाही. पाणंदीनं शंभर पावलं गेलं की मडगार्डमधी कोंबून बसती, चाक आवळून धरती, पुढं चाक फिरायचंच बंद. मग खाली उतरायचं, चप्पल गाडीत ठेवून, आणि खुरप्यानं टायर नि मडगार्डच्या मधली माती खरडून काढायची, ती अशी लांब लांब काळ्या पट्ट्यांनी निघती, आतून चकचकीत, आणि खरडलेली माती परत खुरप्याला चिटकून बसती. चाकाखाली तुराट्या नाहीतर पळाट्या टाकायच्या. मग लो गिअर. इंजिन एवढं ओरडतं की शिवारातली सगळी माणसं मान वर करून बघतेत, आणि गाडी चालती बैलाच्या निम्म्यानं. पण चालती. त्यात जी मजा आहे ती एक्सप्रेस वेवर नाही, हे माझं मत, कोणाला पटावं असा आग्रह नाही. आणि नाहीच निघाली तर ट्रॅक्टर आहेच, त्याच्यापुढं चार चाकांचा गर्व काही टिकत नाही.

आमचे मिस्त्री चाचा आहेत, ह्या बारक्या गिअरबद्दल त्यांचं एकच सांगणं. "साब, महीने में एक बार डालो, नहीं तो जाम हो जाता." खरंय ते. न वापरता ठेवलं की लिंकेज गंजतं, पुढच्या डिफरन्शियलचं (वळणावर चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणाऱ्या दातऱ्यांचा डबा) ऑइल खाली बसून राहतं, वरची सीलं वाळतेत. पण टाकायचं कुठं? डांबरी रोडवर टाकता येत नाही, कारण असल्या गाडीला मधलं डिफरन्शियल नसतं, पुढचा नि मागचा अ‍ॅक्सल एकाच गतीनं फिरतो आणि वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, मग टायर घासतात नि सगळा ताण आतल्या दातऱ्यांवर येतो. त्याला माती पाहिजे, घसरायला मोकळी जागा पाहिजे.

तर 2016 च्या एप्रिलात, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायलं होतं तेव्हाची गोष्ट. घरात भाज्या धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं पाणी संडासात, असा सगळा हिशोब चाललेला, आणि मी मांजरेच्या कोरड्या पात्रात गाडी घालून लो गिअर टाकून इकडून तिकडं फिरवायलो. नदीत पोरं क्रिकेट खेळायली होती, त्यांनी खेळ थांबवला. काठावर एक म्हातारा शेरडं घेऊन उभा. म्हणाला, "काय हुडकायलाव?" म्हटलं काही नाही बाबा, पावसाळ्याचा गिअर आहे, जाम होऊ नये म्हणून मोकळा करायलोय. त्यानं एकदा वर बघितलं, एकदा गाडीकडं बघितलं आणि म्हणाला, "लई गडबड करायलाव." पोरं एवढी हसली की मीबी गिअर काढून खाली उतरलो आणि थोडा वेळ बॉलिंग केली.

बरं, दुष्काळात उपयोग नाही हे समजू शकतो, पण 2025 च्या सप्टेंबरात तरी काय झालं? पाऊस असा पडला की मांजरा, तेरणा, सीना सगळ्या पात्र सोडून रानात आल्या, सोयाबीन उभं सडलं, कोणाकोणाची तर रानातली मातीच वाहून गेली. मी मोठ्या उमेदीनं गाडी काढली. गावाच्या अलीकडच्या पुलापाशी आलो तर पूलच दिसत नव्हता. तिथं चार चाकं फिरली काय नि चाळीस फिरली काय, वाहत्या पाण्यात गाडी घालणारा माणूस शहाणा नसतो. गाडी वळवली आणि घरी आलो, तेबी डांबरी रोडनं, टू व्हीलमधी.

म्हणजे बघा, आमच्याकडं एकतर पडत नाही, नाहीतर पडतो तो पूल बुडवून. फोर बाय फोर लागते ती मधल्या पावसाला. पाणंद ओली होईल, ओढा ओलांडता येईल, पेरणी साधंल, असला नीट मापात पडणारा पाऊस मराठवाड्यात कितीदा पडतो? तेवढाच हा गिअर वापरलाय. मुठीवरचे आकडे कोरे राहिले त्यात माझा काय दोष?

नवी घ्यायची म्हटलं तर चांगली फोर बाय फोर गाडी वीस लाखाच्या घरात जाते. सोयाबीनचा 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 5328 धरला, मिळतो कुठं हा भाग वेगळा, तरी पावणेचारशे क्विंटल होतं. एवढं सोयाबीन घालून त्या गाडीवर परत त्याच पाणंदीत जायचं, खुरपं घेऊन. आणि काही गाड्यांना आता दांडीच नाही, गोल बटण आहे, फिरवलं की टीव्हीवर चित्र येतं चिखलाचं. थार तर 2023 पासून मागच्या दोन चाकांवर चालणारीबी मिळती. आमच्या गल्लीत दोन आल्यात, दोन्ही तसल्याच, काळ्या. चिखलाकडं कोणाचंच तोंड नाही. शहाणी माणसं.

परवा एक जण गाडी बघायला आला. चांगला माणूस, दुधाचं कलेक्शन करतो, खेड्याखेड्यानं कॅन उचलतो. खाली वाकून पाटे बघितले, ऑइल बघितलं, बॉनेट उघडून इंजिनचा आवाज ऐकला, टायर दाबून बघितले, सगळं पसंत. मग आत बसला आणि बारक्या गिअरवर हात ठेवून म्हणाला, "दादा, ह्ये पुढलं अ‍ॅक्सल काढून टाकलं तर अ‍ॅव्हरेज किती वाढंल?"

फोनवर सांगितलेल्या किमतीपेक्षा मी चाळीस हजार जास्त सांगितले. तो हसला, चहा घेतला आणि गेला. आतून बायकोनं विचारलं, किती म्हणला? म्हटलं जमलं नाही.

फिटनेसच्या तारखेसाठी एजंटला सांगून ठेवलंय. पुढचे टायर तेवढे बदलावे लागतील म्हणतोय, नाहीतर पास करत नाहीत.