चादरीची उलट बाजू

मे महिन्यात भर दुपारी दोनला सोलापुरात लाईट गेली, की शहाण्या माणसानं फरशीवर पाणी शिंपडावं आणि उघड्या अंगानं पडून राहावं. माझा भाचा पुण्याचा, वय बारा, तेव्हा हे शहाणपण यायला अजून अवकाश आहे. त्यानं जेवणाच्या टेबलावर घरातली जुनी मोरांची चादर पसरली, तिच्या आत जाऊन बसला आणि टॅबवर कॉमिक वाचायला लागला. आतून मधूनमधून खिदळणं ऐकू येत होतं. भट्टीत बसून पोर हसतंय म्हणजे काहीतरी भारी असणार, म्हणून मीही गुडघे कुरकुरवत आत शिरलो. वय बावन्न.

कॉमिकचं नाव ‘अ‍ॅटॉमिक रोबो’. लेखक ब्रायन क्लेव्हिंजर, चित्रं स्कॉट वेगेनरची, २००७ पासून अमेरिकेत निघतंय. नायक एक यंत्रमानव, त्याला १९२३ साली निकोला टेस्लानं घडवला अशी कल्पना. (घरोघरी जी एसी वीज आली ती आणण्यात ज्याचा मोठा वाटा, तोच टेस्ला. ती आत्ता गेली होती, पण त्यात त्याचा काही दोष नाही.) भाचा वाचत होता त्या भागात १९२६ साली रोबोच्या दारात दोन गृहस्थ येतात. एक चार्ल्स फोर्ट, आकाशातून बेडूक पडले असल्या बातम्या टिपून ठेवण्यात हयात घालवलेला. दुसरा एच. पी. लव्हक्राफ्ट, भयकथा लिहिणारा. दोघंही खरोखर होऊन गेलेले. त्यांच्या मागोमाग जे येतं त्याला नाव द्यायची सोय नाही. ते काळाच्या बाहेरचं आहे, म्हणून एकदा हाणून भागत नाही. पुढच्या दशकांत ते पुन्हा पुन्हा उगवतं. १९७१ मध्ये तर त्याच्याशी झुंजायला रोबोबरोबर चक्क कार्ल सेगन आहे. खगोलशास्त्रज्ञ, तोच. हे वाचून मी एवढ्यानं हसलो की डोकं टेबलाला आपटलं.

लव्हक्राफ्टची भीती समजायला जरा वेळ लागतो. आपल्या भुताचा आपल्यावर राग असतो. कुणाची वासना राहिलेली असते, कुणी विहीर जवळ केलेली असते, दहीभात उतरवून टाकला की निदान अमावास्येपर्यंत निभतं. लव्हक्राफ्टच्या राक्षसांचा मात्र तुमच्याशी संबंधच नसतो. १९२८ साली छापलेल्या त्याच्या सगळ्यात गाजलेल्या कथेत समुद्राच्या तळाशी एक अजस्र काहीतरी झोपलेलं आहे. ते जागं होईल तेव्हा माणसं मरतील, पण त्याला ते कळणारसुद्धा नाही. आपण चादर झटकतो तेव्हा धुळीची चौकशी करतो का? एवढं दिसलं की त्याच्या गोष्टींतले विद्वान वेडे होतात, निदान बेशुद्ध तरी पडतात. तो स्वतः १९३७ मध्ये सेहेचाळिसाव्या वर्षी गरिबीत वारला. मराठीत या जातीची भीती नारायण धारपांनी वाड्यांत आणि तळघरांत आणून सोडली. ती पुस्तकं मी शाळेत असताना फक्त दुपारी वाचायचो.

पण लव्हक्राफ्टला मासळीचा तिटकारा होता, आणि त्याच्या राक्षसांना हटकून ऑक्टोपससारखे वळवळते हात असतात. इथं सोलापूरकराची पंचाईत होते. समुद्र आम्ही सहलीत पाहिलेला. पाण्यातली आमची सगळ्यात मोठी भीती म्हणजे पाणी नसणं. नळाला काही दिवसांनी पाणी येतं, आणि कधी, ते कुणालाही सांगता येत नाही. त्या वेळेला आपल्या झोपेची पर्वा नाही, नोकरीची नाही, लग्नकार्याची नाही. ती उगवते तेव्हा बरी बरी शिकलेली माणसं मध्यरात्री कळशा घेऊन पळत सुटतात. लव्हक्राफ्ट इथं जन्मला असता तर समुद्राच्या भानगडीत पडला नसता.

एवढ्यात चादरीच्या बाहेरून आवाज आला, ‘‘काय वाचलालाव बे दोघं?’’

आमचे काका. वय अठ्ठ्याहत्तर. आयुष्य गिरणीत आणि नंतर यंत्रमागांवर गेलं, जॉबर म्हणून. जॉबर म्हणजे माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो. पाना, तेलाचा डबा आणि ‘‘बघू की’’ हे दोन शब्द, एवढ्या भांडवलावर त्यांनी चाळीस वर्षं काढली. काका वाकून आत डोकावले, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. भाच्यानं राक्षसाचं पानभर चित्र दाखवलं. त्यात तोंडं, डोळे आणि हात यांचा असा गुंता होता की कुठलं काय ते कळेना. काकांनी बराच वेळ बघितलं.

‘‘लई धागं सुटल्यात. पहिला कुठला तुटला ते बघायचं,’’ म्हणाले आणि परत बाजेवर जाऊन पडले.

भाचा हसून लोळायला लागला, कारण रोबो बरोबर हेच करत होता. मला त्या कॉमिकची मेख तिथं सापडली. विश्वाच्या पल्याडचं काहीतरी भिंत फोडून आत येतं, लव्हक्राफ्ट बरळत सुटतो आणि रोबो मात्र वैतागतो. रात्रपाळीला उभं असताना शेवटच्या तासात माग बंद पडला की माणूस जसा वैतागतो, तसा. घाबरायलासुद्धा मोकळा वेळ लागतो. लव्हक्राफ्टच्या विद्वानांकडे तो भरपूर असतो. रोबोला काम उरकायचंय.

‘रोबो’, म्हणजे मूळचा ‘रोबॉट’, हा शब्दच मुळात गिरणीच्या दाराशी उभा आहे. कारेल चापेक या चेक लेखकानं १९२० मध्ये एका नाटकात तो पहिल्यांदा वापरला. सुचवला होता त्याच्या भावानं, योसेफनं. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे वेठ, सक्तीची मजुरी. मी हे काकांना ऐकवलं तर ते डोळे न उघडता म्हणाले, ‘‘म्हंजे तिसऱ्या पाळीचा माणूस की.’’

आणि ज्या चादरीखाली हे चाललं होतं ती? तिच्यावरचे मोर जकार्डवर विणलेले. जकार्ड म्हणजे मागाच्या डोक्यावरचा सांगाडा, त्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. भोक असेल तिथं हुक वर जातो आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो, नसेल तिथं धागा खाली राहतो. हो किंवा नाही, बस्स. अशा हजारो हो-नाहींतून मोराचा पिसारा उतरतो. जोसेफ मारी जकार या फ्रेंच माणसानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही युक्ती काढली, आणि तेच पुठ्ठे बघून इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजनं १८३०च्या दशकात आपल्या गणनयंत्राचा आराखडा मांडला. खुद्द जकारचं रेशमात विणलेलं एक चित्र बॅबेजकडे होतं, त्याला २४,००० पुठ्ठे लागले होते. टॅब आणि चादर म्हणजे नात्यानं जवळचीच, हे मी भाच्याला समजावत होतो. पण त्याचं लक्ष भलतीकडेच.

‘‘मामा, हे बघ. आतून वेगळीच आहे.’’

वरून लाल जमिनीवर पांढरे मोर, आतून पांढऱ्या जमिनीवर लाल. सोलापुरात जन्म गेला, त्यामुळे मला यात काही वाटत नाही. त्याचं म्हणणं असं, की दुसऱ्या मितीतून आपलं जग असंच दिसत असणार. सगळं जिथल्या तिथं, फक्त रंगांची अदलाबदल. मग टॅबच्या उजेडात ते लाल मोर मलाही बरोबर दिसेनात. मानांची वळणं, पिसाऱ्यातले डोळे. डोळे जरा जास्तच होते.

मला अर्जुन आठवला. गीतेच्या अकराव्या अध्यायात त्याला विश्वरूप दिसतं तेव्हा त्या अनेक तोंडांत, दाढांमध्ये, योद्ध्यांची चुरडलेली डोकी अडकलेली असतात. लव्हक्राफ्टनं यापेक्षा जास्त काय लिहिलं? पण थरथरणाऱ्या अर्जुनाला त्यातही सुचतं काय, तर आजवर जेवताना, झोपताना, खेळताना तुझी थट्टा केली, ‘अरे कृष्णा, अरे यादवा’ म्हटलं, त्याची माफी कर. ब्रह्मांड तोंड वासून समोर उभं आणि हा जुन्या चेष्टामस्करीचा हिशेब चुकता करतोय. मग म्हणतो, ते चार हातांचं रूप दाखव, तेच बरं. आमच्या जिल्ह्यानं तर आणखी सवलत मिळवली. पंढरपुरात त्यानं चाराचे दोन केले, आणि तेही कमरेवर ठेवलेत.

रात्री आम्ही तिघं गच्चीवर झोपलो. भाच्यानं मोरांची चादर अंगावर घेतली, तीही डोक्यापर्यंत. एवढ्या उकाड्यात का, ते मी विचारलं नाही.

तीनच्या सुमाराला खालून आवाज आला. आधी लांब, खोल हुंकार. मग जमिनीखालून काहीतरी सरकत येतंय अशी गुडगूड, मधेच फुस्स. भाचा ताडकन उठून बसला. तेवढ्यात पलीकडच्या अंधारातून एक बाई ओरडली, ‘‘नीळ्ळु! नीळ्ळु वच्चिनय्!’’ तिला दुसऱ्या गच्चीवरून तसंच उत्तर आलं, मग तिसऱ्या. सगळी गल्ली अनोळखी भाषेत एकच मंत्र म्हणायला लागली. पुण्याच्या पोराला तेलुगू कुठून कळणार? त्यानं माझा दंड असा आवळला की बोटं उमटली.

‘‘मामा, काय आलंय?’’

काकांनी उशाची बॅटरी चाचपून घेतली. ‘‘बघू की,’’ म्हणाले आणि जिना उतरायला लागले. भाचा क्षणभर थांबला आणि त्यांच्या मागोमाग निघाला. चादर खांद्यावर, उलटी, लाल मोर बाहेर. मी अंधारात कळशी शोधत होतो.