कॉलबॅकमधली एरर अखेर बाहेर आली : एसक्यूलाइट रॅपरची प्रगती

मंडळी, वेताळ टेकडीवरच्या पक्षीनोंदींसाठी पायथनच्या सीटाइप्समधून (पायथनमधून सी भाषेतला कोड बोलावायची सोय) एसक्यूलाइट या डेटाबेसचा जो छोटा रॅपर, म्हणजे पायथनमधून वापरायचं आवरण, लिहितोय, त्यातलं सगळ्यात अडलेलं काम या आठवड्यात मार्गी लागलं. कॉलबॅकमध्ये (आपण सी-च्या हाती दिलेलं आणि त्याने वेळ आली की बोलावलेलं फंक्शन) उठलेली एरर आता क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, चालवणाऱ्याच्या हातात जशीच्या तशी पडते. (तयार मॉड्यूल पायथनमध्ये आहेच. पण सी आणि पायथनमधला हा सांधा स्वतः जुळवायचा, हीच तर हौस.)

अडत होतं ते असं. एसक्यूलाइटचं क्वेरी चालवणारं एक्झेक फंक्शन निकालातल्या प्रत्येक ओळीला आपला कॉलबॅक बोलावतं. तांबटाच्या एका नोंदीत तारीख होती 2023-02-30. ती वाचताना व्हॅल्यूएरर (चुकीच्या किमतीची एरर) आली, पण मधे सी-चा कोड, आणि सी-ला पायथनचं एक्सेप्शन, म्हणजे अशी उठलेली एरर, कळत नाही. सीटाइप्स ‘एक्सेप्शन इग्नोअर्ड’ म्हणून टर्मिनलवर छापतं आणि विषय संपवतं. माझ्या लॅपटॉपवर एसक्यूलाइटला उत्तरात शून्य मिळालं, म्हणजे सगळं ठीक, पुढची ओळ घ्या! क्वेरी यशस्वी, आणि तांबट यादीतून गायब. प्रोग्रॅम पडलेला परवडला. नोंद गुपचूप गळाली तर हंगामाची सगळी यादीच संशयात येते.

आता कॉलबॅकचं सगळं अंग ट्रायमध्ये (एरर पकडायची पायथनची सोय) आहे. एरर आली की ती ऑब्जेक्टसकट बाजूला ठेवायची आणि 1 परत करायचा. शून्य सोडून काहीही मिळालं की एसक्यूलाइट तिथेच थांबतं आणि एक्झेककडून 4, म्हणजे अबॉर्ट, हा कोड येतो. पायथनमध्ये परतल्यावर आधी ठेवलेली एरर बघायची. असेल तर तीच पुन्हा रेझ करायची, म्हणजे उठवायची. ट्रेसबॅक (एरर कोडमध्ये कुठून आली याचा माग) एररबरोबरच राहतो, त्यामुळे तारीख वाचणारी नेमकी ओळ दिसते. नुसता ‘अबॉर्ट’ दाखवून वापरणाऱ्याला काय कळणार?

पकडताना बेसएक्सेप्शन (सगळ्या एक्सेप्शन्सचा मूळ वर्ग) पकडा, त्याखालचा नेहमीचा एक्सेप्शन हा वर्ग नव्हे. कंट्रोल-सी नेमकं कॉलबॅक चालू असताना दाबलं तर त्यातून उठणारा कीबोर्डइंटरप्ट एक्सेप्शनच्या जाळ्यात येत नाही आणि तोही गिळला जातो.

ही युक्ती सगळीकडे चालत नाही. सी-च्या क्यूसॉर्टला, म्हणजे यादी क्रमाने लावणाऱ्या फंक्शनला, ‘थांब’ सांगायची सोयच नाही. तिथे एरर जपून ठेवायची आणि सॉर्ट संपेपर्यंत वाट बघायची. लिबकर्ल या नेटवरून डेटा आणणाऱ्या लायब्ररीच्या राइट कॉलबॅकमध्ये (आलेला डेटा आपल्या हाती देणारा) मात्र मिळालेल्या बाइट्सपेक्षा वेगळा आकडा परत केला की ट्रान्सफर 23 नंबरच्या एररने थांबतं.

पुढचं काम एसक्यूलाइटच्या प्रोग्रेस हँडलरचं, म्हणजे क्वेरी चालू असताना अधूनमधून बोलावल्या जाणाऱ्या कॉलबॅकचं. तिथे शून्येतर उत्तराला 9, म्हणजे इंटरप्ट, येतो; बाकी मांडणी हीच ठेवणार आहे.